शेजारच्या मॉनिटरवर मॅच लावली की गेम अडखळतो: दोष कुठे शोधायचा आणि तो परत परत का येतो

एकट्या मॉनिटरवर गेम सुरळीत चालतो. शेजारी दुसरा लावून त्यावर ब्राउझरमध्ये क्रिकेटची मॅच सुरू केली की अडखळायला लागतो. एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात त्याचा, आकडा बघावा तर फारसा पडलेला नसतो, पण ऐन नेम धरताना चित्र हिसका खातं. मग कुणीतरी ब्राउझरमधली एखादी सेटिंग बंद करायला सांगतं, ती केल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि एका रात्री पुन्हा तेच सुरू. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातल्या ओळखीच्यांकडून ही तक्रार इतक्यांदा आली आहे की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतो.

बहुतेकांचं टेबल सारखंच असतं. पुढ्यात हौसेने घेतलेला १४४ किंवा १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्यांदा चित्र बदलणारा, मॉनिटर, आणि बाजूला ऑफिसने घरून कामासाठी दिलेला किंवा जुन्या पीसीचा उरलेला ६० हर्ट्झचा. दोष दुसऱ्यावर येतो, कारण तो नंतर आला. "तो काढून टाक" हा सल्लाही त्यातूनच निघतो. तो सल्ला देण्याआधी थोडा हिशोब करावा.

१९२० बाय १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक पूर्ण चित्र सुमारे ८३ लाख बाइटचं, ८ एमबीच्या आसपास. सेकंदाला ६० वेळा ते मॉनिटरकडे पाठवायचं तर मेमरीतून सेकंदाला साधारण अर्धा जीबी वाचावं लागतं. जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या, स्वस्त ग्राफिक्स कार्डाची मूळ आवृत्ती घेतली तरी तिची मेमरी सेकंदाला १२८ जीबी वाचू शकते. म्हणजे स्थिर डेस्कटॉप दाखवणारा दुसरा मॉनिटर अर्धा टक्काही खात नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळत असाल आणि रॅमची एकच काडी असेल, तर मात्र सेकंदाला २५.६ जीबी एवढीच मेमरी सगळ्यांना मिळून असते आणि तोच अर्धा जीबी दोन टक्के होतो. तिथेही मॉनिटर काढण्यापेक्षा रॅमची दुसरी काडी लावण्याने कितीतरी जास्त फरक पडतो.

तेव्हा मॉनिटर निर्दोष धरूनच पुढे चला. त्याच्यावर काय चाललंय, त्याची केबल कुठे लावली आहे आणि दोन्ही मॉनिटरांचे हर्ट्झ किती आहेत, दोष या तीन ठिकाणी असतो.

आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

एफपीएसचा सरासरी आकडा या कामी निरुपयोगी आहे. १४४ हर्ट्झवर एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंद मिळतात. शंभर फ्रेम वेळेत आल्या आणि एक ४० मिलिसेकंदांनी आली, तर सरासरी जवळपास तशीच राहते, पण डोळ्याला तो हिसका लगेच कळतो. म्हणून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघा. आफ्टरबर्नरसोबत येणारा रिव्हाट्यूनर, इंटेलचा प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स, कुठलंही चालेल, सगळी फुकट आहेत. सोबत 'वन पर्सेंट लो', म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा एफपीएस, हा आकडा लिहून ठेवा.

गेममधली एकच जागा ठरवा. रेंजवर किंवा ट्रेनिंगमध्ये गेलात तर उत्तम, कारण गेमच्या खऱ्या मॅचमध्ये दर वेळी परिस्थिती वेगळी असते. मग चार अवस्थांत तेच करून बघा. पहिली: विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली'. दुसरी: 'एक्स्टेंड', पण दुसऱ्या मॉनिटरवर काहीही उघडं नाही. तिसरी: ब्राउझर उघडा, व्हिडिओ थांबवलेला. चौथी: व्हिडिओ चालू.

पहिल्या अवस्थेसाठी मॉनिटरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. एचडीएमआयवर असलेला मॉनिटर बटणाने बंद केला तरी विंडोजला तो अनेकदा जोडलेलाच दिसतो, आणि तुम्ही ज्याची चाचणी घेताय असं वाटतं ती झालेलीच नसते.

बिघाड दुसऱ्या अवस्थेतच सुरू झाला तर केबलचा रस्ता किंवा हर्ट्झ तपासायचे. तिसऱ्यात सुरू झाला तर मेमरी. चौथ्यात सुरू झाला तर व्हिडिओ. आणि पहिल्या अवस्थेतही हिसके असतील तर दुसऱ्या मॉनिटरचा संबंध नाही, इथेच थांबा आणि तापमान, रॅम, ड्रायव्हर यांच्याकडे वळा. मे महिन्यात बंद खोलीत, एसीशिवाय, कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलेलं असेल तर बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

केबलचा रस्ता

डेस्कटॉपवाल्यांसाठी हे दोन मिनिटांचं काम आहे. कॅबिनेटच्या मागे वर, यूएसबी आणि ऑडिओच्या शेजारी असलेले एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट मदरबोर्डचे. खाली आडव्या पट्टीत असलेले ग्राफिक्स कार्डाचे. मुख्य मॉनिटर कार्डालाच हवा, याला अपवाद नाही. कार्डासाठी पैसे मोजून मॉनिटर मदरबोर्डला लावलेला मी अजूनही बघतो, आणि तिथे आधी पाठीमागेच बघावं लागतं.

लॅपटॉपचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि 'पुन्हा पुन्हा येणारा' दोष बहुधा इथलाच असतो. ऐरोलीतल्या माझ्या एका मित्राची तक्रार अशी होती की शनिवार-रविवारी गेम झकास चालतो आणि कामाच्या दिवशी रात्री अडखळतो. त्याने खापर इंटरनेटवर फोडलं होतं, रात्री सगळी बिल्डिंग ऑनलाइन असते म्हणून. पण पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दोन्ही वेळा सारखाच होता. घरी जाऊन टेबल बघितल्यावर उलगडा झाला. कामाच्या दिवशी दुसरा मॉनिटर ऑफिसच्या लॅपटॉपसाठी डॉकला (एकाच केबलने सगळी उपकरणं लॅपटॉपला जोडणारा डबा) लावलेला असायचा. संध्याकाळी हा गडी डॉकची एकच केबल काढून स्वतःच्या गेमिंग लॅपटॉपला लावायचा, की माऊस, कीबोर्ड, मॉनिटर सगळं एकदम जोडलं. शनिवारी डॉक बॅगेत, म्हणून मॉनिटर थेट एचडीएमआयने. मॉनिटर तोच, टेबल तेच, चित्राचा रस्ता मात्र आठवड्यातून दोनदा बदलत होता.

डॉक दोन तऱ्हेचे असतात. एका प्रकारात यूएसबी-सी पोर्टातून ग्राफिक्सचं चित्र जसंच्या तसं बाहेर येतं, त्याचा प्रोसेसरवर भार नसतो. दुसऱ्या प्रकारात, ज्यात डिस्प्लेलिंकचं तंत्र येतं, प्रोसेसर आधी चित्र आकुंचित करतो, मग ते साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, आणि डॉकमधली चिप त्याचं पुन्हा चित्र करते. एक्सेल आणि मेलसाठी हे फार सोयीचं आहे. त्यावर क्रिकेटची मॅच लावली की प्रोसेसरला दर फ्रेमला हे काम करावं लागतं, आणि गेमलाही त्याच वेळी तोच प्रोसेसर हवा असतो. तुमचा डॉक कुठला हे ओळखायचं असेल तर घड्याळाशेजारच्या चिन्हांत डिस्प्लेलिंकचा प्रोग्राम चालू दिसतो का ते बघा. दिसला तर खेळताना डॉकला सुट्टी द्या आणि एचडीएमआयची स्वतंत्र केबल टेबलावरच बांधून ठेवा. मित्राने तेच केलं.

थेट केबल लावली तरी एक प्रश्न उरतो: तो पोर्ट कुणाचा? गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं आणि वेगळं. काही मॉडेलांत एचडीएमआय वेगळ्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं आणि यूएसबी-सी प्रोसेसरच्या, काहींत उलट. शोधायला स्क्रू उघडायची गरज नाही. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन वरच्या यादीतून मॉनिटर निवडा. तो कुठल्या ग्राफिक्सला जोडला आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकून लोक आधी विश्वास ठेवत नाहीत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्वतःची स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर असते. वेगळं कार्ड फ्रेम तयार करतं आणि मग ती प्रोसेसरच्या बाजूला कॉपी होऊन स्क्रीनवर जाते. बाहेरचा मॉनिटर थेट कार्डाला जोडलेला असेल तर ही कॉपी वाचते. म्हणून लॅपटॉपवाल्यांनी गेम बाहेरच्या मॉनिटरवर खेळावा आणि मॅच लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघावी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्क्रीनही थेट कार्डाला जोडता येते.

चार जीबीचं कार्ड आणि उघडे टॅब

वर्तकनगरला माझा भाचा राहतो. त्याच्याकडे डेस्कटॉप, केबल बरोबर, हर्ट्झ बरोबर, आणि तरी तिसऱ्या अवस्थेतच हिसके. "मामा, व्हिडिओ तर थांबवलाय, मग कशाने?" त्याचं कार्ड ४ जीबीचं. ब्राउझर, डिस्कॉर्ड, गेमचा लाँचर, हलणारा वॉलपेपर हे सगळे आपापल्या खिडक्या ग्राफिक्सच्या मेमरीत रंगवून ठेवतात. ते थोडं थोडं म्हणता म्हणता काहीशे एमबी होतं. व्हिडिओ थांबवला तरी ती मेमरी सुटत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या पानावर जा, वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' हा रकाना चालू करा आणि त्यानुसार यादी लावा. कोण किती बसून आहे ते उघडं पडतं. गेम चालू असताना एकूण वापर कार्डाच्या क्षमतेला टेकत असेल, तर उरलेलं टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) कार्ड ज्यात बसतं त्या पीसीआय स्लॉटमधून साध्या रॅममध्ये ढकललं जातं आणि लागेल तेव्हा तिथून ओढावं लागतं. हिसका येतो तो त्या ओढाताणीत. आरएक्स ६५०० एक्सटी सारख्या कार्डाला स्लॉटच्या चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) मिळतात, त्यामुळे जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय बोर्डावर हा मार जास्तच बसतो.

उपाय साधे आहेत. गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बाकी ग्राफिक्स तसंच ठेवलं तरी चालतं. नको ते टॅब बंद करा, नुसते मिनिमाइझ करून भागत नाही. आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर दुसरा मॉनिटर मदरबोर्डला लावून बघा. हो, मघाशी ज्याला नको म्हटलं तेच, पण फक्त दुसऱ्यासाठी. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग) कार्डासोबत आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो. मग सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालच्या ग्राफिक्सच्या पानावर ब्राउझरला 'पॉवर सेव्हिंग' निवडून द्यायचं. असं केलं की ब्राउझरची ओझी कार्डावरून उतरतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यांत आतलं ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे तिथे हा रस्ता बंद. भाच्याचा प्रोसेसर नेमका एफवाला निघाला, म्हणून आम्ही टेक्स्चरवर समाधान मानलं. आठ जीबी किंवा जास्तीचं कार्ड असेल तर मी ही मदरबोर्डची खटपट करणार नाही. त्यात फायदा कमी आणि खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीवर नेली की होणारी कॉपी पदरात.

व्हिडिओ चालू केल्यावरच बिघडत असेल तर

सगळ्यात लोकप्रिय सल्ला: ब्राउझरचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे द्यायची सोय, बंद करा. मला तो सरसकट पटत नाही. कार्डामध्ये व्हिडिओ उलगडायला स्वतंत्र भाग असतो, गेम ज्या भागावर चालतो तो वेगळा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'थ्रीडी' आणि 'व्हिडिओ डिकोड' असे दोन आलेख वेगळे दिसतात ते त्यामुळेच. अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं की ते काम प्रोसेसरवर येतं. आठ कोअरचा प्रोसेसर ते सहज झेपवतो. चार कोअरवर, तेही व्हॅलोरंटसारखा प्रोसेसरवर जास्त भार टाकणारा गेम असेल, तर रोगापेक्षा औषध जड होतं. बंद करून मोजा, सुधारणा दिसली तरच तसं ठेवा.

त्याआधी यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने आकुंचित केला आहे त्याची, ओळ वाचा. तिथे एव्ही१ असेल आणि कार्ड जुनं असेल तर चोर सापडला. एनव्हिडियामध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय आरटीएक्स ३० मालिकेपासून आली. त्याआधीच्या कार्डांना, म्हणजे १६५० किंवा १०६० यांना, व्हीपी९ जमतं, एव्ही१ नाही. मग अ‍ॅक्सिलरेशन चालू दिसत असूनही सगळं काम प्रोसेसरच करत असतो. यूट्यूबच्या खात्याच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकच्या पानावर एव्ही१ फक्त कमी दर्जाच्या व्हिडिओसाठी वापरायचा पर्याय आहे, तो निवडा. हाच व्हिडिओ काल बरा चालत होता आणि आज नाही, याचंही हे एक कारण असतं: प्रत्येक व्हिडिओ एकाच कोडेकमध्ये येत नाही.

आणि एक बिनपैशाचा उपाय, जो कुणी करत नाही. कडेच्या मॉनिटरवर, अर्धं लक्ष देऊन बघायच्या मॅचला १०८० कशाला हवं? ७२० किंवा ४८० वर आणा. स्कोअर तेवढाच दिसतो.

हर्ट्झची जोडी

१४४ च्या शेजारी ६० लावला की गेम ६० ला बांधला जातो, असं अजून ठामपणे सांगितलं जातं. एके काळी त्यात तथ्य होतं. विंडोजमध्ये सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा भाग असतो, आणि विंडोज ८ पासून तो बंदही करता येत नाही. ६० च्या स्क्रीनवर काही हलत असलं की तो १४४ च्या स्क्रीनलाही अडखळवायचा. विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटमध्ये यात मोठी सुधारणा झाली. तेव्हा त्याआधीची आवृत्ती कुणी चालवत असेल तर पहिलं काम अपडेट.

त्यानंतरही बॉर्डरलेसमध्ये (पडदाभर पसरलेली, पण खिडकीच) हिसके आणि फुलस्क्रीनमध्ये नाही, असं दिसलं तर फुलस्क्रीन ठेवा. विंडोज ११ असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये विंडोमध्ये चालणाऱ्या गेमसाठीचं ऑप्टिमायझेशन चालू करा. ते डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या गेमसाठी आहे. मुख्य मॉनिटर १४४ वरून १२० वर आणणं हाही उपाय अनेकदा लागू पडतो, कारण १२० ही ६० ची दुप्पट आहे.

याचा एक वेगळा परिणाम खोलीत जाणवतो. दोन मॉनिटरांचे हर्ट्झ वेगवेगळे असले की काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगात धावत राहते, कारण वेग बदलायला दोन्ही स्क्रीनची एकाच वेळची उसंत मिळत नाही. कार्ड बसल्या जागी गरम, पंखा फिरतोय. गेममध्ये याने फरक पडत नाही, तिथे मेमरी तशीही पूर्ण वेगातच असते. पण ठाण्याच्या उकाड्यात आणि विजेच्या बिलात पडतो. १२० आणि ६० ची जोडी इथेही बहुधा कामाला येते.

ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर किंवा केबल दुसऱ्या पोर्टात गेल्यावर मुख्य मॉनिटर गुपचूप ६० वर आलेला असतो, असंही होतं. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये बघायची सवय ठेवा.

किरकोळ, पण विचारले जाणारे

दुसऱ्या मॉनिटरवर क्लिक केलं की गेम एकदम ३० वर येतो? तो दोष नाही. गेम मागे गेला की एफपीएस कमी करायची सोय व्हॅलोरंटमध्ये आहे, तशीच एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्येही आहे. नको असेल तर बंद करा.

लाईट क्षणभर जाऊन आली आणि गेम मिनिमाइझ झाला? कॅबिनेट आणि मुख्य मॉनिटर यूपीएसवर असतात, दुसरा थेट भिंतीच्या प्लगवर. तो गेला-आला की विंडोज सगळ्या स्क्रीनची मांडणी नव्याने करतं. पावसाळ्याच्या तोंडाला हे आमच्याकडे नेहमीचं आहे. एलईडी मॉनिटरला वीज थोडीच लागते, यूपीएसमध्ये जागा असेल तर तोही तिथेच लावा.

खिडक्या लुकलुकतात, काळ्या पडतात म्हणून रजिस्ट्रीत बदल करणाऱ्या फाइली फिरत असतात. हिसक्यांवरचा पहिला उपाय म्हणून त्या चालवू नका. वरच्या चारही अवस्था मोजून झाल्या, ड्रायव्हर नवा टाकून झाला आणि तरी फक्त लुकलुकणं उरलं, तरच तिकडे जा, आणि जाण्याआधी रिस्टोर पॉइंट करून ठेवा.